बिरड्याचा रोजा

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
९ ऑगस्ट २०२५

प्रिय बाबा,

१. मागच्या शनिवारी संध्याकाळी मी आशेरच्या घरी गेले.
२. दारातच त्याच्या आईला, फ्लोरामावशींना, ‘जय भीम’ म्हटलं.
३. त्यांनी उत्तर दिलं नाही.
४. मी सोबत मोड आणलेले वाल नेले होते. ते वाल नव्हते.
५. रविवारी संध्याकाळी लग्नाचा प्रश्न सुटला. निदान त्यांच्या बाजूने.

घडलं ते एवढंच. सातवीत तुमच्या वर्गात होते तेव्हा तुम्ही फळ्यावर आधी नुसत्या घटना लिहायचात आणि कारणं आमच्याकडून काढून घ्यायचात. इथे वर्ग नाही, म्हणून कारणंही मीच लिहिते.

जूनमध्ये आशेरबद्दल सांगितलं तेव्हा तुम्ही एकच विचारलंत, ‘धर्म बदलायला लावतील का?’ मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं उत्तर होतं, पण तुम्हाला ते पुरलं नाही हे कळलं. तेव्हापासून आपण फोनवर तुमचा गुडघा, नागपूरचं ऊन आणि इथल्या कॅम्पस बसचं वेळापत्रक यांवर बोलतो. तुमचा प्रश्न चुकीचा नाही. आजोबा छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले आणि देव्हाऱ्यातल्या मूर्ती टोपलीत भरून कन्हानच्या पाण्यात सोडून आले, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं आहे की ती टोपली मी पाहिली आहे असं वाटतं. त्या घरातली मुलगी लग्नासाठी दुसऱ्या धर्मात गेली, तर तुम्हाला काय होईल हे मला कळतं. मला स्वतःला काय होईल हेही कळतं. म्हणूनच मी आशेरला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की मी बदलणार नाही. तो म्हणाला, ‘मी कुठे म्हटलं?’ पण त्याच्या आईला विचारायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं.

आशेर झिराडकर इथल्या शाळेत गणित शिकवतो. ही माणसं बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. फ्लोरामावशी ठाण्याला नर्स होत्या. नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी लेकाकडे आल्या. मी बौद्ध आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, ‘तुमच्यात भेटल्यावर काय म्हणतात?’ मी सांगितलं. तेव्हापासून मी दारात ‘जय भीम’ म्हणते आणि त्या आतून ‘जय भीम गं बाय, चप्पल नीट ठेव’ म्हणतात. एकदाही चुकलं नाही. म्हणून मागच्या शनिवारी ते चुकलं, तेव्हा मी त्याचा अर्थ लावला.

पण आधी वालांचं. आशेर म्हणाला, आईचा बिरड्याचा रोजा आहे, रविवारी संध्याकाळी उपास सुटतो तेव्हा वालाचं बिरडं लागतं, वाल तेवढे आणून मोड काढशील का. इथे भारतीय दुकानं नावालाच. आपल्याकडे पोपटाच्या, म्हणजे ओल्या वालाच्या, हिरव्या शेंगा खातात. वाळलेले कडवे वाल मी जन्मात पाहिले नव्हते, म्हणून मी त्याला वर्णन विचारलं. तो म्हणाला, चपटे, तपकिरी, कडेला एक रेघ. या तीन खुणा घेऊन मी अब्बासच्या हलाल दुकानात गेले. तिन्ही जुळणारी कडधान्याची पिशवी तिथे होती. मी ती घेतली, भिजवली, फडक्यात बांधली, उबेत ठेवली. मोड सुंदर आले.

अब्बास इराकचा आहे, हिल्ला गावचा. बाबिलोनचे अवशेष त्या गावाच्या जवळच आहेत. मी कसलं काम करते हे त्याला माहीत आहे, म्हणून तो मला ‘वीटवाली’ म्हणतो. तुम्हाला माहीत आहे, तरी आईसाठी पुन्हा लिहिते. वीट भट्टीतून निघून थंड होते तेव्हा तिच्यातले लोहाचे कण त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकत्व जसं असेल तसं धरून ठेवतात. विटेवर राजाचं नाव ठोकलेलं असेल तर काळ कळतो, आणि मग त्या काळातल्या पृथ्वीबद्दलही काही कळतं. मी इतिहासकार नाही. मी मापं घेते. अब्बासला हे सगळं गमतीचं वाटतं, कारण हिल्लातल्या जुन्या घरांच्या भिंतींत राजाचं नाव असलेल्या विटा सर्रास आहेत. त्याच्या आजीच्या न्हाणीत एक होती. आजी म्हणायची, ही नमरूदची वीट, इब्राहिमाला ज्यानं आगीत टाकलं त्याची. मी त्याला सांगितलं की नाव नबुखद्नेस्सरचं असणार. तो म्हणाला, ‘तुझ्या मशिनला विचार. माझ्या आजीशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही.’

शनिवारी मला उशीर झाला, कारण याच नबुखद्नेस्सरच्या विटेचा एक कण, डाळीच्या दाण्यापेक्षाही लहान, यंत्रात होता आणि मोजणी मध्येच सोडता येत नाही. पोचले तेव्हा सूर्य मावळला होता. दार आशेरने उघडलं. घरातले बहुतेक दिवे बंद होते. मावशी खुर्चीऐवजी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी ‘जय भीम’ म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान जराशी हलवली आणि हातातल्या पुस्तकात पुन्हा डोळे घातले. मी थांबले. मग डबा ओट्यावर ठेवला आणि परत आले. आशेर जिन्यापर्यंत आला आणि ‘उद्या ये’ म्हणाला.

घरी येऊन मी ठरवलं की उत्तर मिळालं. मी धर्म बदलणार नाही हे त्यांना कळलं असणार, आणि त्यांनी ज्या शब्दाने मला घरात घेतलं होतं तोच शब्द परत घेतला. मी रडले नाही. रूममेट वल्लरीने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, डोकं दुखतंय. ती म्हणाली, ‘तुझं डोकं दुखत नाही, तू यार हिशोब करतेयस.’ तेही खरं होतं. नोकरी दुसऱ्या गावात घ्यायची का, असा विचार करत होते. रविवारी दुपारी मात्र मला स्वतःचाच राग आला. आमच्या प्रयोगशाळेत एका मोजणीवर कोणी निष्कर्ष काढला तर त्याला नवखा समजतात. म्हणून दुसरी मोजणी घ्यायला गेले. या वेळी काहीच म्हटलं नाही.

मावशी ओट्याशी होत्या. उपाशी, पायांत कापडी सपाता. त्यांनी मोड आलेला एक दाणा बोटांत धरून माझ्यासमोर आणला. ‘हे काय आहे?’ वाल, मी म्हटलं. ‘हे वाल नाहीत बाय. हे वालांचे आजोबा.’ आशेरने पाहिलं आणि तोंड फिरवून हसायला लागला. मी अब्बासला फोन लावला. तो म्हणाला, हे बाकले. आमच्या गावी सकाळी हेच उकडतात, त्या पाण्यात रोटी भिजवतात, वर अंडं फोडतात, नबुखद्नेस्सरही हेच खात असेल. मी ते जसंच्या तसं मावशींना सांगितलं. माझी ती सवय तुम्हाला माहीत आहे. त्यांनी हातातला दाणा खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘आज त्याचं नाव काढलंस ते काढलंस. आजचा रोजा कशाचा आहे ते ठाऊक आहे?’

मला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईचा उपास, एवढंच मी ऐकलं होतं. त्यांनी सांगितलं. या तिथीला बाबेलच्या राजानं जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि माणसं धरून नेली. म्हणून आज जमिनीवर बसायचं, चामडं पायात घालायचं नाही, आणि कोणी कोणाला रामराम नाही, शालोम नाही. ‘घरात मयत असल्यावर आपण दारात आलेल्याला नमस्कार करतो का? काल तू जय भीम म्हणालीस, माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. मग म्हटलं, ह्या गाढवानं पोरीला सांगितलं असेल.’ गाढव म्हणजे आशेर. तो म्हणाला, मला वाटलं तिला माहीत असेल, ती दिवसभर त्याच राजाबरोबर असते. मी त्याला म्हटलं की विटेत हे लिहिलेलं नसतं.

बाबा, तुमच्या तासाला मी हे शिकले होते. बाबिलोनियन साम्राज्य, जेरुसलेमचा पाडाव, कैदेत नेलेले लोक, पुढे इराणच्या कुरूशाने दिलेली सुटका. मंदिर नाही, राजा नाही, जमीन नाही, अशा वेळी त्या लोकांनी ग्रंथ आणि शनिवारची सुट्टी धरून ठेवली आणि आज आपण ज्याला ज्यू धर्म म्हणतो त्याची घडण पुष्कळशी तिथेच झाली, असं तुम्ही सांगितलं होतं. परीक्षेत मी ते लिहून पूर्ण गुण मिळवले होते. त्यासाठी कोणी आजही स्टेट कॉलेजमधल्या दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा थेंब न घेता बसतं आणि शेवटी वालाचं बिरडं खातं, हे पुस्तकात नव्हतं. मी विचारलं, उपासाला ‘रोजा’ का म्हणता? त्या म्हणाल्या, ‘कोकणात शेजार मुसलमानांचा. त्यांचा रोजा, आमचा रोजा. उपाशी पोटाला काय फरक पडतो?’ मला तुमचं मदिनेचं वाक्य आठवलं, की सुरुवातीच्या दिवसांत मुसलमानही नमाज जेरुसलेमकडे तोंड करून पढत आणि मग मक्केकडे वळले. मी ते त्यांना सांगितलं. ‘मास्तरांची पोर,’ त्या म्हणाल्या, आणि तुमच्याबद्दल विचारायला लागल्या.

त्यांनी त्या विटेत काय सापडलं तेही विचारलं. मी म्हटलं, तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व आजच्यापेक्षा जोरदार होतं. ‘त्या मेल्याचा जोर होताच,’ त्या म्हणाल्या. मग बाकले सोलता सोलता मी त्यांना आजोबांची टोपली सांगितली. ती मी कोणाला सांगत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, अब्राहामानंही बापाच्या घरातल्या मूर्ती फोडल्या आणि त्या बाबेलच्याच मुलखातून निघाला, मग तुझ्या आजोबांनी काय वेगळं केलं. अब्बासची आजीही याच माणसाची, त्यांच्या इब्राहिमाची, गोष्ट सांगायची, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण मी मध्ये बोलले नाही. आणि मग, मी काहीही विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, ‘तुम्ही दोघं मला विचारायला घाबरता ते मला कळतं. एकदा निघून आलेल्या माणसाला परत निघ म्हणून मी कसं सांगू? तू आहेस तिथेच राहा. पोरं झाली तर आमच्यात मोजली जायची नाहीत. आमच्यात आईवरून मोजतात. ते मला दुखेल. पण ते माझं दुखणं आहे, तुझ्या पदरात घालणार नाही.’ आशेर खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता. मी बाकले सोलत राहिले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

तारे दिसल्यावर त्यांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘जय भीम. कालचं राहिलं होतं.’ बिरडं थोडं पिठूळ झालं होतं, पण नारळाच्या दुधात चांगलं लागलं. मावशी म्हणाल्या, पुढच्या वर्षी ठाण्याहून वाल मागवते, तू फक्त वीट सांभाळ. मी दोनदा वाढून घेतलं. गेल्या कित्येक महिन्यांत मी इतकी निवांत जेवले नव्हते.

तर तुमच्या जूनमधल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. नाही, धर्म बदलायला लावणार नाहीत.

आता हे फोनवर न सांगता का लिहिलं ते सांगते. आमचं लग्न लावायला कोणी नाही. मावशींच्या ओळखीच्या हजाननी, म्हणजे त्यांच्याकडे प्रार्थना चालवतात त्यांनी, अशा लग्नाला उभं राहता येत नाही असं नम्रपणे कळवलं. एकट्या आपल्या भिक्खूंना बोलावणं मला बरोबर वाटत नाही. पण पेनसिल्व्हेनियात क्वेकर नावाच्या पंथाची माणसं आधी येऊन वसली, आणि त्यांच्यात पुरोहितच नसतो. त्यामुळे इथे अजूनही लग्नाचा असा परवाना मिळतो, ज्यात लग्न लावणारं कोणीच लागत नाही. नवरा-नवरीने एकमेकांना वचन द्यायचं आणि दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. दसरा आम्ही टाळला, कारण २ ऑक्टोबरला तुम्ही दीक्षाभूमीवर असणार आणि मावशींचा वर्षातला सगळ्यात मोठा उपासही त्याच दिवशी आहे. तारीख ठरली आहे, रविवार, २६ ऑक्टोबर. पहिली सही फ्लोरामावशींची. दुसरी अब्बास करायला तयार आहे, पण मावशी म्हणाल्या, ‘त्याला जेवायला बोलवा. सही मास्तरांची.’ मलाही तेच हवं आहे. तुमचा व्हिसा माझ्या पदवीदानाच्या वेळचा आहे, अजून चालतो. आईने, लग्न ठरलं तर येते, म्हणून आधीच सांगितलं आहे. तुम्ही काही बोलला नाहीत. सही करायला याल का? हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, जे असेल ते ३१ ऑगस्टपर्यंत कळवा.

तुमचीच,
मैत्री