बाबांच्या मोटरसायकलची नवी सीट

प्रिय रेमी,

तुझा निरोप पोचला. उत्तराला उशीर झाला.

आठवतं, कॉलेजच्या शेवटच्या सुट्टीत बाबांच्या मोटरसायकलसाठी सीट शोधत आपण रुतेंगचा अख्खा बाजार पालथा घातला होता? गावच्या खडकाळ रस्त्यावरून भाड्यानं माणसं नेऊन नेऊन बाबांची कंबर गेली होती. एक सीट दिसायला देखणी, पण फळीसारखी टणक. दुसरीचा फोम अंगठ्यानं दाबला तरी तळाला टेके. दुकानवाली म्हणाली, "पोरी, सीट निवडतेयस की नवरा?" तू केवढा लाजलास! शेवटी बाबांनी जुन्याच सीटवर पोत्याची घडी टाकली. परतताना तू म्हणालास, "टिना, सीट बदलून काय होणार? रस्ता बदलायला हवा." मी आधी त्या वाक्याच्या प्रेमात पडले, मग तुझ्या.

आपल्याला शिकायला पाठवताना गावानं कोंबडा कापला होता, घराघरातून पैसे दिले होते. त्याची परतफेड म्हणून रस्ता आणायचा, असं आपलं ठरलं. दारोदार कॉफी पीत सह्या गोळा केल्या. मग तू दोनातुससाहेबांच्या प्रचारात गेलास. "आत शिरल्याशिवाय काही हलत नाही," म्हणालास. निवडणुकीच्या तोंडावर गावात ट्रक आला. प्रत्येक मोटरसायकलवाल्याला नवी सीट, जाड, मऊ, वर साहेबांचा हसरा चेहरा छापलेला. कल्पना तुझी, हे ट्रकवाल्यानंच कौतुकानं सांगितलं. मार्ता काकू म्हणाली, "याच्या तोंडावर बसायचं? बसू की! पुढची पाच वर्षं तो आपल्या डोक्यावर बसणारच आहे." सगळे हसले आणि सगळ्यांनी त्यालाच मत दिलं. बाबा मला म्हणाले, "तुझ्या डिग्रीनं माझ्या कंबरेला काय दिलं? रेमीनं बघ." त्यानंतर रस्त्याचं नाव कुणी काढलं नाही. धक्के कमी बसत होते ना.

गेल्या महिन्यात मार्लिन वहिनीला अवेळी कळा सुरू झाल्या. दादा तिकडे मलेशियात मळ्यावर. बाबांनी तिला मागं बसवलं, तिला धरून मी. ओढ्यापाशी चाक चिखलात रुतलं. बाबा आणि मी ढकलत राहिलो. वहिनीला खाली उतरताही येईना. बाळ तिथंच, त्या सीटवर जन्मलं आणि दवाखाना दिसायच्या आत गेलं. मुलगी होती. बाबा गाडीला हात लावत नाहीत.

आणि तुझा निरोप असा, की पुन्हा निवडणूक आलीय, बाबांचा सीटवर बसलेला फोटो हवा आणि त्याखाली घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीनं दोन ओळी लिहाव्यात. लिहिते. सीट खरोखर आरामशीर आहे. इतक्या वर्षांत फोम जरासुद्धा दबलेला नाही. फोटो मात्र तुझा तूच काढ. आज दुपारच्या बसनं मी सीटच पाठवते आहे. धुतलेली नाही.

एके काळी तुझीच असलेली,
टिना