मुठीची परीक्षा

३ जून
लिव्हर क्लिनिकला गेलो. वजन चक्क वाढलेलं! सिरॉसिसने आपल्यापुढे हात टेकले, असं बायकोला म्हणालो. पण आहारतज्ज्ञ बाईंना कुणाचं चांगलं बघवत नाही. पायावर बोट दाबलं, खड्डा पडला. म्हणे, वाढलंय ते पाणी, मांस झडतंय. मग दंड मोजला आणि एक यंत्र देऊन मुठीने दाबायला लावलं. काटा जेमतेम हलला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते उगाच नाही.
महिन्याने पुन्हा बघणार. पकड सुधारली नाही तर नाकातून नळी घालून खाऊ घालणार. माझ्यासारख्या माणसाला नळी!

४ जून
संकल्प. मीठ कमी, अंडी-दूध भरपूर. झोपताना खाणं सक्तीचं, नाहीतर रात्रभर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं म्हणे.

रात्री ९.४५
बायकोने अंडं, ब्रेड, दूध ठेवलं आणि झोपायला गेली. पोट तुडुंब. आमच्याकडेच राहणारे सासरे टीव्हीसमोर जागे होते, त्यांना दिलं. अन्न वाया घालवणं तत्त्वात बसत नाही. उद्यापासून नक्की.

९ जून
कालही सासरेच. वडीलधाऱ्यांना आधी, हे आपले संस्कार. शिवाय रबरी चेंडू आणलाय. दाबत राहायचं, पकड कुठे जाते?

१७ जून
बायकोने बरणी उघडायला दिली. झाकणात दोष होता. सासऱ्यांनी उघडली, पण सैल मीच केली होती.

२ जुलै
उद्या परीक्षा. तयारी जय्यत. सासरेही येतो म्हणाले. येऊ देत, विजयाला साक्षीदार हवा.

३ जुलै
काटा आधीपेक्षा खाली. यंत्र बिघडलंय म्हणालो आणि खात्री करायला सासऱ्यांच्या हाती दिलं. काटा सरसर चढला. बाई थक्क. या वयात ही ताकद, खाता तरी काय, असं त्यांनी विचारलं.
सासरे म्हणाले, "विशेष काही नाही. रोज रात्री जावई अंडं, ब्रेड, दूध आणून देतात. फार जीव आहे त्यांचा माझ्यावर."
बायकोने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.
नळी पंधरा दिवस पुढे ढकलली, तोवर माझ्या खाण्यावर देखरेख सासऱ्यांची. खरं सांगायचं तर मी घाबरलोय.

रात्री ९.४५
सासरे समोर बसलेत. तीन घास खाल्ले आणि ताट हळूच त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी एका हाताने ते जागीच धरलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला.
ताट हललं नाही.