तुमच्या विलापातला माझा नवरा

लुबाबा वन्सं,

जुनादा गेल्याला वर्ष झालं. तुम्ही रचलेला विलाप अख्ख्या बसऱ्याला तोंडपाठ आहे. काल कालव्यावर बाया मला म्हणाल्या, "रैता, रडावं तर तुझ्या नणंदेनं!" आपल्यात भावाचा विलाप बहिणीनं रचायचा, बायकोनं मागून नुसता सूर धरायचा. धरला मी.

तुमच्या ओळींत तो सिंह आहे. माझा जुनादा उंटावर चढायलासुद्धा घाबरायचा, आणि झोपेत माझी वेणी मुठीत धरायचा.

आज त्याला आठवायला बसले, तर डोळ्यांपुढे तुमचा सिंहच उभा! माझा माणूस परत मागणार होते. पण वेणीचं कळलं तर तीही तुम्ही ओळीत ओवाल. म्हणून हे पत्र चुलीत घालतेय.

अजून तीच वेणी घालणारी,
तुमची वहिनी रैता