पूजेला ठेवलेली फाईल

बर्मिंगहॅम
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दौलतमामांस,
राखीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मामा, कागदावर लिहून त्याचा फोटो फक्त तुमच्या फोनवर पाठवते आहे, म्हणून हसू नका. फोन केला की शिरपूरला आई तो स्पीकरवर टाकते. ओसरीत बाबा, काकू, शेजारच्या सूरजबाई, कधी कधी दूधवालासुद्धा बसलेला असतो. सगळे विचारतात की पोरी कशी आहेस, आणि मी सांगते की मजेत. आठ महिने मी मजेतच आहे. पत्र काही स्पीकरवर टाकता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

खरं सांगते. मला इथे फूड टेक्नॉलॉजी शिकवत नाहीत. जानेवारीत आल्या आल्या प्रयोगशाळा कुठे आहे म्हणून विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला की तुझा प्रवेश बिझनेस मॅनेजमेंटला आहे, तुला प्रयोगशाळा कशाला हवी. कॉलेज म्हणजे सोफ्यांच्या दुकानावरचे दोन मजले. माहितीपुस्तकातली ती हिरवळ आणि ते तळं दुसऱ्याच गावात आहे. आठवड्याला दोन दिवस वर्ग भरतो. सोयाबीनचं दूध, पनीर, पीठ करायचं शिकून वाशीमला लहानसा कारखाना टाकीन, असं मी तुमच्याच अंगणात बसून सांगितलं होतं. इथे येऊन सोयाबीनचा दाणाही पाहिलेला नाही.

आतापर्यंत गप्प बसले याची माझी मलाच चीड येते. पण त्या सत्काराचं काय करू? प्रज्वलने वाशीमच्या हॉलमध्ये शाल-नारळ दिला, हातात माईक दिला, आणि त्याच्या पोरं परदेशी पाठवणाऱ्या ‘गगनभरारी ओव्हरसीज’मुळे माझं आयुष्य बदललं असं तीनशे माणसांसमोर बोलायला लावलं. तेव्हा माझा व्हिसासुद्धा यायचा होता! तो व्हिडिओ तो अजून सगळ्यांना दाखवतो. जुलैत हिंगोलीची एक मुलगी आली. तिने मला बसस्टॉपवरच ओळखलं आणि सांगितलं की ताई, तुमचं भाषण ऐकूनच घरचे तयार झाले.

आणि आता तुमच्या वैष्णवीचा मेसेज आला की जानेवारीत तीही इथेच येते आहे, दसऱ्याला प्रवेशाची फाईल पूजेला ठेवायची आहे. मामा, तिला पाठवू नका. निदान फाईल पूजेला ठेवण्याआधी उघडून वाचा. तुम्ही दर रविवारी ‘मानद मार्गदर्शक’ म्हणून प्रज्वलच्या ऑफिसात खुर्चीवर बसता. गुरुजी बसलेत म्हटल्यावर आईबाप डोळे मिटून सही करतात.

मामींना नमस्कार. आजीचा दात दुखतो आहे असं आईकडून कळलं. तिच्या हाताला सुपारी लागू देऊ नका.

रागवा, पण लोभ आहे तेवढा राहू द्या.
तुमची,
राखी


धनज
९ सप्टेंबर २०२५

चि. राखी हिस,
दौलतमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर अजून सुंदर आहे, त्याबद्दल शाबासकी. मजकुराबद्दल मात्र नाही.

प्रज्वल माझा विद्यार्थी आहे. त्याला पाढे मी शिकवले. आज त्याच्याकडे गाडी आहे, वाशीमला स्टेशनजवळ काचेचं ऑफिस आहे, तरी भर बाजारात वाकून माझ्या पाया पडतो. असा पोरगा मला फसवील, हे तू मला लिहितेस? मी त्याला काल फोन करून विचारलं. तो म्हणाला की पहिल्या वर्षी सगळ्यांचीच अशी कुरकुर असते, आणि तिकडे विषय पुढे बदलून मिळतो. परमुलखात कुणाला करमतं? तुझी आई कारंज्याच्या वसतिगृहात गेली तेव्हा तीन दिवस रडत होती. चौथ्या दिवशी गप्प झाली.

एकतीस वर्षं मास्तरकी केली. जिल्ह्यातले लोक माझ्या शब्दावर पोरं पाठवतात. तो शब्द खोटा आहे असं तू एका कागदावर लिहून मोकळी होतेस, याचं मला फार वाईट वाटलं. स्पष्टच लिहितो, थोरल्या बहिणीने धाकटीची वाट अडवू नये. तिचा हेवा वाटत असेल तर तसं सांग.

फाईल पूजेलाच राहील. दसऱ्याला सगळ्या घराची पुस्तकं आपल्याकडे पूजेला मांडतात आणि पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडत नाहीत, हे तुला सांगायला नको. माझ्या वडिलांनी पाळलं, मी पाळतो.

आजीचा दात कारंज्याला काढला. डॉक्टरने चुकीच्या बाजूचा काढला असं तिचं म्हणणं आहे आणि ती त्याला रोज शिव्या घालते. भाकर-ठेचा सुरू झाला आहे. ओट्यावर बाया जमल्या की माझी नात विलायतेत आहे हे प्रत्येकीला दोनदा सांगते. तिच्याकडे पाहून तरी नीट शिक.

रागातसुद्धा आशीर्वाद तेच आहेत.
तुझा मामा,
दौलतराव


बर्मिंगहॅम
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,
नमस्कार.

आजीची खुशाली वाचून बरं वाटलं, कारण माझ्या फाईलमध्ये ती तीन वर्षांपूर्वी वारली आहे.

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. लिहायची लाज वाटली. मागच्या महिन्यात विषय बदलून मागायला गेले, तेव्हा कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी माझी फाईल उघडली, मान खाली घातली आणि तुझ्या आजीबद्दल वाईट वाटलं असं म्हणाल्या. मी विचारलं, कोणती आजी? त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. माझ्या नावाने दीड पानाचा निबंध. आजीला मधुमेह होता, मी तिच्या उशाशी बसून होते, शेवटच्या क्षणी मी तिला वचन दिलं की मॅनेजमेंट शिकून गावात दवाखाना काढीन. खाली माझी सही.

घरी येऊन माझ्याबरोबर राहणाऱ्या चौघींना विचारलं. आम्ही पाचही जणी ‘गगनभरारी’च्या. सगळ्यांनी आपापले कागद मागवून घेतले. मामा, पाचही जणींची आजी एकाच वाक्यात मेली आहे. त्या हिंगोलीच्या मुलीच्या कागदावर तर गावाचं नाव बदलायचंही प्रज्वल विसरला, तिची आजी धनजला मेली. आधी आम्ही पोट धरून हसलो. मग आमच्यातली कृतिका रडायला लागली. तिची आजी खरोखरच मे महिन्यात गेली आणि तिला जाता आलं नव्हतं.

त्या बाईंनी हेही सांगितलं की प्रत्येक मुलामागे कॉलेजच प्रज्वलला दलाली देतं. आपण त्याला आपला माणूस समजत होतो. तो पहिल्या दिवसापासून त्यांचा होता. कुठल्या मुलीला काय शिकायचं आहे याच्याशी त्याचा काय संबंध?

आता तुमच्याबद्दल लिहिते. वाचा आणि मग पाहिजे तेवढं रागवा. मागच्या दसऱ्याला प्रज्वलने सकाळी फाईल आणली, जिथे पेन्सिलची फुली होती तिथे घाईघाईत माझ्या सह्या घेतल्या आणि तुम्ही ती लाल कापडात बांधून पाटावर ठेवली. मी दुपारी ती गाठ सोडली होती. दोन पानं उलटली होती. तुम्ही आलात, म्हणालात की आज नाही, आणि तुमच्या हाताने ती बंद करून वर आपट्याचं पान ठेवलंत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो ती घेऊन गेला. मी वाचणार होते मामा. तुम्ही थांबवलंत.

आज सकाळी मी कॉलेजकडे लेखी तक्रार दिली. बाईंनी आधीच बजावलं की खोट्या निबंधाखाली सही तुझी आहे, तुझ्यावरही येऊ शकतं, परत पाठवू शकतात. तरी दिली. आणि वैष्णवीचा हेवा नाही वाटत मला. तिचा विचार करून मला झोप येत नाही.

लोभाचं तुम्हीच काय ते ठरवा.
राखी


धनज
३ ऑक्टोबर २०२५

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा तुझ्यावर संतापलो होतो. दुसऱ्या आठवड्यात प्रज्वलला गाठायला दोनदा वाशीमला गेलो, दोन्ही वेळा गुरुजींना चहा पाजून त्याने परत पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःचीच भीती वाटायला लागली, कारण तुझं म्हणणं खरं निघालं तर मी काय करणार, हे मला ठाऊक नव्हतं.

काल दसरा झाला. सकाळी प्रज्वल आला, वैष्णवीच्या सह्या घेतल्या, लाल कापड स्वतःच आणलं होतं. संध्याकाळी सोनं द्यायला येतो तेव्हा फाईल घेऊन जातो, म्हणाला. मी पाटावर पुस्तकं मांडली, त्यावर ती ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आरती केली. आई समोर सुपात आपट्याची पानं निवडत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझा हात आपोआप त्या फाईलकडे गेला. वैष्णवीने विचारलं की बाबा, आज? मी म्हटलं, आजच.

एकेक पान मोठ्याने वाचत मराठीत सांगत गेलो. पहिल्याच पानावर आजी मेली. या खेपेला कॅन्सरने. कोण मेलं म्हणून आई विचारायला लागली. वैष्णवीने सांगितलं की आजी, तूच.

राखी, त्याच्यापुढचं ऐक. शेवटच्या पानावर माझं लेटरहेड होतं. मागच्या वर्षी प्रज्वलने घाई आहे म्हणून दहा कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या होत्या. मी दिल्या. न वाचता सही करणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करणारा मी! त्यातल्या या एकावर छापलं होतं की सदर कुटुंबाला मी जवळून ओळखतो आणि या आजीबाईंच्या अंत्यविधीला स्वतः हजर होतो. खाली दौलतराव. माझ्या आईला मी माझ्या सहीने जाळलं होतं आणि ती माझ्यासमोर पानं निवडत बसली होती. बाकीचे नऊ कागद कुणाकुणाच्या घरी गेले, देव जाणे.

संध्याकाळी प्रज्वल आला, सोनं दिलं, पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. आईने त्याला उभ्याउभ्याच विचारलं की बापा, मले मारलं तं मारलं, पन माह्यी तेरवी कोन घालीन, आन गावात जेवाचं कधी सांगाचं? तो हसला. म्हणाला की आजी, हे नुसतं कागदावरचं असतं, सगळेच लिहितात, कॉलेजला असंच आवडतं. तेव्हा माझा तोल गेला. मी इतका ओरडलो की सोनं वाटत फिरणारी अर्धी आळी दारात जमा झाली. त्यांच्यासमोर मी आधी माझ्या दहा सह्यांचं सांगितलं आणि मग त्याचं. त्याला शिव्या देणं सोपं होतं. जाताना तो म्हणाला की गुरुजी, कुठेही जा, सही तुमची आहे. तेवढं मात्र तो खरं बोलला.

फाईल त्याला दिली नाही. आज वाशीमला जाऊन पोलिसांत अर्ज दिला. त्याच्या भिंतीवरचा माझा फोटो आणि पाटी स्वतःच्या हाताने काढून आणली. तुझ्या कॉलेजलाही पत्र लिहिलं आहे, वैष्णवीने इंग्रजी केलं: या मुलीला फाईल वाचायची होती, मी वाचू दिली नाही, कोऱ्या कागदांवर सह्या मी दिल्या, तेव्हा दोष माझ्या माथी घालावा. यावेळी चार वेळा वाचलं.

तुला थांबवणारा हात माझा होता. तुझ्यावर हेव्याचा आळ घेणाराही मीच. दोन्हीबद्दल तुझा मामा तुझी माफी मागतो. तुझ्या आईला, पंचफुलाला, बजावलं आहे की पोरीचा फोन स्पीकरवर टाकशील तर याद राख.

पुढचं आई सांगते आहे, वैष्णवी लिहिते आहे.

तुझ्या लोभाचा आता मीच याचक आहे.
मामा


राखीले आजीचा आशीर्वाद.

पोरी, मी जित्ती हावो. एक दात गेला, बाकी सारी हावो. त्या तिथल्या बाईले हा कागद दाखव आन सांग का आमची आजी मेली नाई, लिवनारा खोटारडा हाय.

तू कायले मनात कुढून राह्यली? तिथं शिकाचं असन तं भांडून शीक. नाई तं निंगून ये. सत्कार झाला म्हनून मानूस तिथं बांधल्या जात नाई. ते शाल मी पांघरून राह्यली, लय गरम हाय. नारळ तं आमी तवाच खाल्ला. दोन्ही वापस मांगाले कोनी येत नाई, तू बिनघोर ये.

तुह्या मामाले मी लय बोलली. काल तो जेवला नाई. तुमी शिकलेले लोक कागदाले हात जोडता. मले वाचता येत नाई, म्हनून मी कागदाले भेते.

तुही आजी,
रुपाबाई

ता. क. ताई, मी वैष्णवी. मी अजून सगळ्या जगावर चिडलेली आहे, फक्त तुझ्यावर नाही. आजीने हे पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मी ‘खूप गरम’ लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. मग मी तेच लिहिलं आहे का हे पाहायला बाबांना वेगळं वाचायला लावलं. एवढं झाल्यावर अंगठा दिला. तो खाली आहे.