धूर वरून जाईल

४ मार्च
आजपासून रोजनिशी. डोंगरापलीकडची जंगलं पेटली आहेत आणि साहेबांनी धूर-धूळ विभागाची सूत्रं माझ्या हाती दिली आहेत. विभाग म्हणजे तूर्तास खिडकीजवळचं टेबल, दोन स्क्रीन आणि एक ज्युनियर मुलगी. काम असं: उपग्रहाची चित्रं बघायची, धूर कुठे निघालाय ते ओळखायचं आणि संध्याकाळच्या आत शाळा-दवाखान्यांना इशारा पाठवायचा. आधीचा माणूस दर इशाऱ्यात 'शक्यता आहे' लिहायचा. मी तो शब्द वापरणार नाही. संकल्प.

५ मार्च, सकाळी
उपग्रह दोन प्रकारचे. एक फेरी मारून जातो, त्याचं चित्र सुरेख. दुसरा डोक्यावर ठाण मांडून बसतो आणि दर थोड्या वेळाने फोटो पाठवतो. ज्युनियर समजावून सांगत होती. मला माहीत होतंच. तिचा उत्साह मोडवेना.

दुपारी
जेवून आलो तरी धूर जागचा हललेला नाही. वारा पडलाय. तसा ठाम इशारा लिहिला.

नंतर
ज्युनियरने येऊन पान रिफ्रेश केलं. धूर केव्हाच डोंगर ओलांडून अलीकडे आला होता. कॉम्प्युटर जुनाट आहे. तक्रार करायची.

७ मार्च
बायको शाळेची मुख्याध्यापिका. बारा तारखेला त्यांचा क्रीडादिन, मैदानावर. शाळेत दम्याची बरीच मुलं आहेत, म्हणून तिला काळजी. हवा कशी असेल, विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल तिने पहिल्यांदाच काही विचारलं! म्हटलं, खुशाल भरव, जबाबदारी माझी. नक्की ना, म्हणाली. म्हटलं, अगं, अंतराळातून बघतोय. त्यावर तिने उठून खिडकीबाहेर पाहिलं. भारावली असावी.

९ मार्च
धुराचा करडा पट्टा नेमका आपल्यावर. ज्युनियर म्हणते, शाळांना मुलं आत ठेवायला सांगू या. मी सांगितलं, धूर उंचावर आहे, वरून जाईल. तर म्हणे, सर, उपग्रह वरून बघतो. धूर ढगाएवढ्या उंचीवर आहे की आपल्या नाकापाशी, ते त्याला नीट कळत नाही. गच्चीवरच्या, हवेतला धूर मोजणाऱ्या यंत्राचा आकडा मात्र चढतोय. गच्चीवर जाऊन पाहिलं. यंत्रावर कबुतर बसलं होतं. असल्या यंत्रावर कोण विश्वास ठेवणार? जिना उतरताना शिंकून शिंकून बेजार. सर्दी दिसतेय.

१० मार्च
डोकं फिरायची वेळ. साहेबांनी विचारलं, धूर खाली येणार की नाही, एका शब्दात सांगा. मी म्हटलं, नाही. ज्युनियर म्हणाली, हो. साहेब म्हणाले, मग 'शक्यता आहे' लिहा. माझ्या संकल्पाचं कुणाला काही पडलेलं नाही.

११ मार्च
धूर वळला! वारा फिरला आणि पट्टा उत्तरेला गेला. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो (साधारण). एका रंगीत चित्रात मात्र खालच्या कोपऱ्यात मोठा गुलाबी डाग. फार देखणा. बायकोला फोटो पाठवला: उद्याचं आकाश गुलाबी! ज्युनियर खुर्चीमागे येऊन म्हणाली, सर, या चित्रात गुलाबी म्हणजे धूळ. हे मला माहीत होतंच, फक्त ऐन वेळी आठवलं नाही. पण माती जड असते. वाटेतच बसेल.
बायकोचं उत्तर नाही. तयारीत असेल.

१२ मार्च, सकाळी
आकाश निळंशार. पांढरी टोपी घालून मैदानावर हजर. कुणीच नाही. चुन्याच्या रेघासुद्धा मारलेल्या नाहीत. या शाळेला शिस्त नाही, हे बायकोला सांगावं लागेल. मधोमध उभा आहे, म्हणजे आल्या आल्या सगळ्यांना दिसेन.

१२ मार्च, संध्याकाळी
धूळ आली. भिंत चालत यावी तशी. टोपी कुठे गेली, कळलं नाही. डोळ्यांत, कानांत, दातांत माती. शाळेच्या शिपायाने मला शोधून काढलं आणि हाताला धरून हॉलमध्ये नेलं. दारं बंद, फटींत ओली फडकी आणि आत अख्खी शाळा संगीत खुर्ची खेळत होती. दम्याची पोरं सगळ्यांत जास्त ओरडत होती. खोकत होतो तो मी एकटा.
बायकोने पाणी दिलं, पाठ चोळली. विचारलं, मला का नाही कळवलंस? म्हणाली, अहो, कळवलं असतं तर तुम्ही पुन्हा 'खुशाल भरव' म्हणाला असता, आणि मला तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं. काल फोटो बघितल्या बघितल्या तिने ज्युनियरला फोन केला होता म्हणे. मैदानावर येऊ नका, एवढं मला सांगायला मात्र विसरली. त्याबद्दल तिला खरंच वाईट वाटत होतं.
मला राग यायला हवा होता. खोकला आला.

१४ मार्च
साहेबांनी टेबल ज्युनियरला दिलं. मी आता सल्लागार. सल्लागाराला स्क्रीन लागत नाही, असं साहेबांचं मत. बरोबरच आहे. अनुभव डोक्यात असतो. दिवसभर सल्ला विचारायला कुणी आलं नाही.

१६ मार्च
छातीत धूळ बसलीय, डॉक्टर म्हणाले. आज पुन्हा धूर येतोय. इशारा ज्युनियरने लिहिला, बायकोने मोठ्याने वाचून दाखवला: खोकला असणाऱ्यांनी घराबाहेर पडू नये. दोन ठिकाणी स्वल्पविराम राहून गेलेत.
बाहेर पडलो नाही.