कोटात मावण्याचे एक्केचाळीस दिवस

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून साखर, पाव, भात, बटाटा बंद. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर काठावर आहे, कार्बोहायड्रेट कमी करा. मी म्हटलं, कमी कशाला, शून्य करतो. अर्धवट शिलाई आपल्याला जमत नाही.

शिवाय १३ एप्रिलला कन्येचं लग्न. माझ्या लग्नासाठी मी स्वतः शिवलेला राखाडी कोट घालूनच तिच्या शेजारी उभा राहणार, असा तिला शब्द दिलाय. नवीन शिवा ना बाबा, असं ती म्हणत होती. ऐकलं नाही.

संध्याकाळी ६.
दुकानात मौनीकडून माप घेतलं. मौनी म्हणजे आमचा कटर, कापड बेतणारा. वीस वर्षं माझ्याकडे आहे, दिवसाला दहा शब्द बोलतो, म्हणून मौनी. स्वतःची कंबर स्वतः मोजता येत नाही, वाकलं की टेप सरकते. मौनीने चाळीस सांगितली. कोट चौतीसचा. सहा इंच, एक्केचाळीस दिवस. किरकोळ!

४ मार्च, मंगळवार.
सकाळी अंडी. दुपारी अंडी. रात्री अंडी. बायकोने विचारलं, घरात कोंबडीच बसवू का. दुर्लक्ष केलं.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ४.
डोकं जड. एका गिऱ्हाइकाची खाकी पँट भाजलेल्या पावासारखी दिसली.

तेवढ्यात एक बाई जॅकेटच्या ट्रायलला आल्या, सोबत केकचा डबा. नको म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. एकच तुकडा घेतला. पण मौनीला डायबिटीस आहे. बिचाऱ्याच्या नजरेसमोर डबा ठेवणं बरं दिसेना, म्हणून संपवला. उद्यापासून कडक.

१० मार्च, सोमवार.
माप: एकोणचाळीस! केक धरूनसुद्धा एक इंच कमी. माझं शरीर हुशार आहे. वजनकाट्यावर उभा राहा असं बायको म्हणते. काटा हाडंही मोजतो. मी टेपवाला माणूस.

१४ मार्च, शुक्रवार.
कुठेतरी वाचलं की बटाटा उकडून गार करून खाल्ला तर कमी बाधतो. पाच उकडले. गार व्हायला फार वेळ घेतात लेकाचे. तीन गार होईपर्यंत दोन गरमच खाल्ले.

१७ मार्च, सोमवार.
माप: अडतीस. कौतुकाची गोष्ट म्हणजे मौनीसुद्धा हसला.

आज बँकेचे मॅनेजर सुटासाठी आले. अफाट पोट. आमच्या दुकानाची एक रीत आहे, मीच घालून दिलेली. पोट सुटलेलं गिऱ्हाईक असलं की मोठ्याने तीन-चार इंच कमी सांगायचे, आणि खरं माप गुपचूप वहीत लिहायचं. गिऱ्हाईक खूश, कपडाही अंगाला बरोबर. मॅनेजरसाहेबांना बेचाळीस सांगितली, वहीत शेहेचाळीस गेली. छाती फुगवून गेले बिचारे. माणूस स्वतःला किती फसवून घेतो, याची गंमत वाटते.

२४ मार्च, सोमवार.
माप: साडेछत्तीस! रोजची पँट मात्र कंबरेत आवळते. धुवून धुवून आटली असणार. बायकोला साबण बदलायला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बहुधा अभिमानाने.

मेहुण्याला फोनवर लो-कार्बवर तासभर व्याख्यान दिलं. त्याचंही पोट सुटलंय. बोलून बोलून घसा कोरडा पडला, म्हणून चहा घेतला. नुसता चहा पोटाला त्रास देतो, म्हणून बिस्किटं. पुडा लहानच होता.

३१ मार्च, सोमवार.
माप: पस्तीस. एकदा कोट घालून तर बघा, असं बायको म्हणाली. घाई कशाला? पुढच्या सोमवारी चौतीस होणारच. आज जरा ढिलाई दिली, भात घेतला. एवढ्या वेगाने बारीक होणंही धोक्याचं.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी १.
सोमवारी चौतीस झाली होती. म्हणून आज कोट काढला. हात गेले. पाठ गेली. बटण आणि काज यांच्यात मात्र वीतभर अंतर. श्वास धरला, पोट आत घेतलं, भिंतीला टेकलो. काखेत टर्रकन आवाज आला.

पहिला विचार: कोट आटला. दुसरा विचार: पेटीत ठेवलेला कोट कसा आटेल? तडक दुकानात गेलो आणि मापांची वही उघडली. माझ्या नावापुढे मौनीचं सुबक अक्षर. बेचाळीस. बेचाळीस. साडेबेचाळीस. त्रेचाळीस. त्रेचाळीस. साडेत्रेचाळीस.

मौनीवर ओरडलो. मी काय गिऱ्हाईक आहे का, असं विचारलं. तो म्हणाला की टेपसमोर उभं राहिलं की सगळेच गिऱ्हाईक, हे तुम्हीच शिकवलंत मास्तर. आणि दर सोमवारी तुमचा चेहरा इतका खुलायचा की जीभच रेटेना. वीस वर्षांत तो एवढं कधी बोलला नव्हता.

लाज वाटली. फार. तीन दिवसांवर लग्न, आणि दिलेला शब्द काखेत फाटलाय. पोरीला काय तोंड दाखवू?

११ एप्रिल, शुक्रवार.
कन्येला खरं सांगितलं. केक, बटाटे, बिस्किटं, सगळं. मला वाटलं, हसेल. रागावली. कोटाचं वचन मी कधी मागितलंच नव्हतं, म्हणाली. डॉक्टर सांगतात तेवढं करा, मला अजून पुष्कळ वर्षं बाबा हवेत. मग ती रडली. मग मीही.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी.
सकाळी तिने नवा कोट पुढे केला. राखाडीच. मौनीने वहीतल्या मापाने शिवलेला. तिनेच बटण लावलं, पहिल्या झटक्यात लागलं. आरशात बघितलं, एकही सुरकुती नाही. तिच्या शेजारी ताठ उभा राहिलो. डोळे भरून आले. लोकांना वाटलं, मुलगी चालली म्हणून. तेही होतंच.

दोन दिवसांत एवढं उत्तम कापड कुठून मिळवलंस, असं तिला विचारलं. दोन दिवसांत नाही बाबा, म्हणाली, कापड ४ मार्चलाच आणून ठेवलं होतं.

४ मार्च. संकल्पाचा दुसरा दिवस.

निदान एक आठवडा तरी वाट बघायची होती.