टेस्ट शून्य, सगळं पास

६ ऑगस्ट
दारव्हा. ऑफिसात दिवसभर एकटी. पार्टनर नीलेश दिग्रसला, मेहुण्याच्या साखरपुड्याला. लसींचा फ्रिज तापला की अलार्म देणाऱ्या आमच्या प्रोग्रामचं पॅकेज पुन्हा बिल्ड केलं. हिरवा टिक. बिल्ड होताना प्रोग्रामच्या टेस्ट आपोआप चालतात, त्यांच्या नोंदीचा लॉग सहज उघडला. ‘एकूण टेस्ट ०. सगळं पास.’ दोनदा वाचलं.

७ ऑगस्ट
सापडलं. टेस्टना खोटा सेन्सर लागतो, त्याची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, फक्त बिल्डपुरती, नंतर नको. बिल्डला काय काय लागतं त्या यादीत मी ती लिहिली होती. मार्चमध्ये कोणीतरी काढली आणि एक ओळ घातली: लायब्ररी नसेल तर टेस्ट सोडून दे. कोणीतरी म्हणजे काय, ऑफिसात माणसं दोन. त्या बदलाखाली तपासणाऱ्याच्या जागी नाव मात्र माझं. आणि मी पाच महिने टिक बघून त्याला शाबासकी देत होते.

८ ऑगस्ट
नीलेश पेढे घेऊन आला. विचारलं.
“अवं, सर्व्हरले नेट नाही. लायब्ररी सापडे ना, बिल्ड अडकून राह्यलं होतं. तूच तं घाई लावली होती.”
मग मला का नाही सांगितलंस?
“मांडव लग्नापुरता असते. लग्न लागलं ना? मंग मांडव होता का नोयता, कोन पाह्यते?”
वर हसला. कॉलेजपासून या माणसावर डोळे मिटून... पेढ्याला हात लावला नाही.

९ ऑगस्ट
लायब्ररी पेनड्राइव्हवरून सर्व्हरवर ठेवली, यादीत परत लिहिली. एकतीस टेस्ट पास, एक नापास. सेन्सरची तार निघाली तर अलार्म वाजत नाही, प्रोग्राम शेवटचा आकडा धरून बसतो. फ्रिजची भट्टी झाली तरी चार अंशच म्हणेल.
नी.: “तार कोन काढते?”
आमचा प्रोग्राम चालतो त्या चारही आरोग्य उपकेंद्रांच्या नोंदी मागवल्या.

१० ऑगस्ट
तीन ठीक. पांढरकवड्याकडच्या एकात जुलैत दोन दिवस सलग ४.२. खरा फ्रिज असा एका आकड्यावर बसत नाही. तिथल्या नर्स सुरेखाताईंना फोन केला.
“फ्रिज पुसतानी तार निंगलती. दिसली तवा लावली मी.”
लाइट होती का त्या दिवसांत?
“येत-जात होती.”
तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी. म्हटलं, ताई, थर्मामीटरची वही बघा, सकाळ-संध्याकाळची.
“वही कुठी आता, मॅडम? तुमीच तं म्हनल्या होत्या, मशीन असल्यावर वही कायले लिहिता.”
म्हणाले होते, मेमधल्या ट्रेनिंगला. नी. शेजारीच उभा होता. सगळं माहीत असून मान डोलावत होता. याचा राग जात नाही.

११ ऑगस्ट
प्रोग्राम दुरुस्त केला, बत्तीसच्या बत्तीस टेस्ट चालवून पाठवला. नी. म्हणतो, झालं ना, जुनं कायले उकरतं. तालुक्याच्या डॉक्टरांना पत्र लिहायला बसले. दोष कोणाचा लिहू? काम त्याचं, सही माझी. दोन ओळी झाल्या तेवढ्यात ताईंचा फोन.
“त्या दोन दिवसांत बारा लेकरं टोचली, मॅडम. नावं हायेत माह्याजवळ. त्याईच्या मायबापाले काय सांगू?”
उद्या सांगते म्हणाले.